चेहऱ्यावरचं ऊन

जेवण आटोपलं आणि हिंदुराव मांजरीहून बिबवेवाडीला निघाले. काम साधं होतं. नव्या घराच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ तयार झाला होता, तो बघून आणायचा.

त्यांची बायको सरूबाई घर पुरं व्हायच्या आधीच गेली. ती व्हिडिओत आपल्या शेजारी बसलेली दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. शूटिंगवाला इंद्रजीत तेव्हाच म्हणाला होता, "काका, नुसता जुना फोटो चिकटवला तर निवडणुकीचा फ्लेक्स वाटेल. त्यांच्या अंगलटीचं कुणीतरी खुर्चीत बसवा. ऊन, सावली खरी पडू दे. चेहरा मी नंतर बदलतो."

तशी अंगलट घरात एकीचीच. थोरली सून अपेक्षा. विधवा म्हणून तिला पूजेपासून लांब, स्वयंपाकघरात ठेवलं होतं. हिंदुरावांनी तिला बाहेर बोलावलं, सरूबाईचं हिरवं लुगडं नेसायला लावलं आणि खुर्चीत बसवलं.

कॅमेरा सुरू झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मामा, पदर पुढं ओढू का? पाहुणे बघत्यात..."

"कशाला? तुझं तोंड कुठं दिसणार हाय!"

भरल्या पाहुण्यांत बोलले. कुणीतरी हसलंही.

इंद्रजीतच्या खोलीत पडदे ओढलेले होते. बाहेर रणरणतं ऊन, आत मशिनची घरघर आणि तापलेल्या वायरींचा वास. पूजा दिसू लागली. सरूबाईच बसली होती. लुगड्यावर खिडकीतलं ऊन, मागच्या भिंतीवर सावली, होमाच्या धुरात विरघळलेली कड. कॅमेरा हलला की सगळ्यांबरोबर तीही पुसट व्हायची, पुन्हा लख्ख व्हायची.

"सगळं जमलं," इंद्रजीत दबक्या आवाजात म्हणाला. "फक्त चेहरा ऊन घेत नाही. कितीही लाइट टाका... काळवंडतोच. आणि काका, फोटोत त्या समोर बघतायत ना?"

"मग?"

"आता इथं बघा."

सरूबाईची मान हळूहळू खाली जात होती. चारचौघांत अपमान झालेल्या बाईची जाते, तशी. हिंदुरावांच्या कानशिलांना चटका बसला. ते बोलले होते, तीच ती वेळ.

"काढ तो चेहरा. माझ्या सुनेचा परत लाव."

इंद्रजीतनं मूळ शूटिंग उघडलं. खुर्चीत तोच, सरूबाईचा चेहरा. मान खाली.

"याला मी हातसुद्धा लावलेला नाही, काका... आईशप्पथ."

हिंदुराव रिक्षानं परत निघाले. वाटेत अपेक्षाचा चेहरा आठवू गेले. आठवेना. रोज ताट वाढणारी सून, पण तिच्याकडं त्यांनी नीट कधी पाहिलंच नव्हतं.

ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. पाठमोरी. मावळतीच्या खिडकीतलं ऊन तिच्या खांद्यावर पसरलं होतं.

"अपेक्षा..."

ती वळली. खिडकीकडं पुरतं तोंड झालं. ऊन हातावर आलं, गळ्यावर आलं, हनुवटीपाशी संपलं. वर नुसता काळोख. कुणाचा चेहरा, कळेना.

जन्मात कुणापुढं न वाकलेली मान हिंदुरावांनी खाली घातली.

"चुकलं माझं."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. मग त्या काळोखातून, अगदी शांतपणे, प्रश्न आला,

"कुणाला म्हणताय?"