डोणगावचा जड आकडा

शाळेमागच्या काळ्या दगडी चौथऱ्यावर तंबू दिसला, म्हणून मी आत डोकावले. एक तरुण पालथा पडून पेटीतल्या लंबकाकडे टक लावून बघत होता.

“पाय हळू टाका, बाई. त्याले कळते.”

“मलेही कळते. बी.एस्सी. झाली मी. झोक्याचा काळ मोजून गुरुत्वाकर्षण काढता ना?”

तेव्हा कुठे त्याने वळून पाहिले… आणि त्याची मोजणी चुकली.

शेषराव त्याचे नाव. दुसरबीडचा, सरकारी सर्वेक्षणात निरीक्षक. चौसष्टचा जानेवारी होता तो. माझे शाळेतले वर्ग सुटले की मी तंबूत जाई. तो झोके मोजी, मी आकडे लिही. कधी वही देताना बोटे लागत, मग दोघेही उगाच लंबकाकडे पाहत असू. पण डोणगावचा आकडा शेजारच्या गावांपेक्षा फारच मोठा येई.

“तुमच्या गावात माणूस जड होते.”

“आमच्या आईच्या भाकरी खाऊन तुम्हीच झाले असान.”

चौथ्या दिवशी मात्र तो हसला नाही. साहेबांचे पत्र आले होते. उद्या दुपारी जीप येईल. तोवर आकडा सुधारला नाही, तर डोणगाव गुरुत्वाकर्षणाच्या नकाशातून गाळायचे आणि शेषरावने कायमचे कचेरीत बसायचे.

संध्याकाळी आई, झुंबरबाई, चुलीपाशी म्हणाली, “थो पोरगा तठी काऊन बसला वं? तीन सालाआधी वीज पडली त्या चौथऱ्यावर. गोटा तडकला. कोनी बसत नाही तठी.”

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. वीज शिरली की काळा दगड चुंबक होऊन बसतो… आणि लंबक तर निकेल-लोखंडाचा. दगडच त्याला खाली ओढत होता. झोके घाई करत होते, म्हणून आकडा फुगत होता.

सकाळी मी शाळेतले होकायंत्र घेऊन निघाले. चौथऱ्याजवळ जाताच सुई सरळ पश्चिमेला वळली.

शेषराव बाहेर आला. “काय करून राह्यल्या?”

“तुमचा दोष पकडून राह्यली.”

त्याने सुई पाहिली, मग मला. आणि थेट पेटीच उचलली. शाळेच्या विटांच्या ओसरीवर सुई उत्तरेवरून ढळली नाही. तिथे आम्ही सकाळभर मोजले. जीप आली तेव्हा वहीतला आकडा शेजारच्या गावांच्या आकड्यांमध्ये चपखल बसला होता.

साहेबांनी गणित दोनदा तपासले. “डोणगाव राहील. चूक कोणी शोधली?”

शेषरावने निरीक्षणवहीत शाईने माझे नाव लिहिले – पूर्ण नाव, पदवीसकट.

साहेब जीपकडे गेले. तो तिथेच घुटमळला.

“पुढं लोणारले जायचं हाये. तठी सारा दगडच काळा… एकट्यानं नाही जमणार.”

“मंग मदतनीस मागा साहेबाले.”

“मदतनीस नाही पाहिजे मले.” त्याचे कान लाल झाले होते. “तुम्ही पाहिजे. जन्मभरासाठी. तुमच्या घरी येऊन इचारू?”

“या,” मी म्हटले. “पण आधी मी सांगते आईले. तुम्ही अडखळान.”

जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. तो माझ्याकडे बघत हसत उभा राहिला.