अलीगंजचं न दिसणारं दुकान

अलीगंजच्या गल्लीत स्वरदाच्या दुकानासमोर आदेशने स्कूटर थांबवली, तेव्हा तो घामाघूम झाला होता. आईसाठी चिकनकारीची साडी हवी होती. तीन रिक्षावाल्यांना विचारत आलोय, तो म्हणाला, नेटवर तुमचं दुकान दिसतच नाही.

स्वरदाला ते लागलं. अख्खी वेबसाइट तिने स्वतः सजवली होती. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण... सगळा मजकूर फोटोंच्या आत आहे. सर्च इंजिनला तो धड वाचताच येत नाही."

याच शहरात, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला हा मराठी मुलगा वेबसाइटच बनवायचा. इकडे गिऱ्हाइकांअभावी दुकानासाठी भरतकाम करणाऱ्या सकीना आपा आणि त्यांच्या हाताखालच्या चौघीजणींचं काम बंद पडायला आलेलं. स्वरदाने राग गिळला आणि त्याला शनिवारी बोलावलं.

साइटवरची आपली नाजूक वेलबुट्टी तो पुसून टाकणार, अशी तिला धास्ती होती. त्याने त्या नक्षीला हातही लावला नाही. जड फोटो हलके केले, प्रत्येक साडीला वेगळं पान आणि साधं, सरळ शीर्षक दिलं. मग आपांजवळ मांडी घालून बसला. हा टाका मुर्री की जाली, त्याला किती दिवस लागतात, एकेक विचारून त्याने प्रत्येक फोटोखाली लोक शोधतील अशा शब्दांत लिहिलं. तीस वर्षांत टाक्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, असं आपा म्हणाल्या, तेव्हा तो लाजला. कापड मळू नये म्हणून त्याची बोटं वरच्या वर थबकायची... आणि स्वरदा कापड मोजायचं विसरायची.

दिवाळीआधी नागपूर, इंदूरहून ऑर्डरी आल्या. आपांनी आणखी दोघींना कामावर घेतलं. आदेश मात्र दर शनिवारी येतच राहिला.

एका दुपारी चहा देताना तिने खाली बघत विचारलं, "साइटचं अजून किती काम उरलंय?"

त्याने कप खाली ठेवला.

"साइट... तीन आठवड्यांपूर्वीच पूर्ण झाली."

त्याचे कान लाल झाले होते. कोपऱ्यात आपांची सुई थांबली.

"मग पुढच्या शनिवारी लॅपटॉप आणू नकोस," स्वरदा म्हणाली. पहिल्यांदाच ती 'तुम्ही' सोडून 'तू'वर आली होती. "आपण गोमतीकाठी जाऊ."

"हाँ," तो म्हणाला. आणि त्याने लॅपटॉप मिटून ठेवला.