घुबडाच्या आत

राक्षसांच्या, परग्रहांच्या आणि भुताखेतांच्या सिनेमांना बरबँकच्या त्या हॉटेलात दरवर्षी बक्षिसं देत. आणि दरवर्षी बक्षिसाची बाहुली हातात घेऊन एक भलंमोठं घुबड मंचावर येई. फोमचं अंग, वर पिसं. त्याच्या आत हागोप असे. पाठीची चेन लावायला त्याची बायको आराक्सी.

हागोप वसंतात गेला. तरी यंदा आराक्सी शेजारच्या ग्लेंडेल गावाहून बसने आली, सुई, गोंद आणि पिसांची पिशवी घेऊन. पोशाखाच्या खोडी तिलाच ठाऊक होत्या.

घुबडात शिरणारा नवा गडी ट्रेंट हसरा होता.

"आत गरम होतं म्हणे. हागोप काय करायचे?"

"मला शिव्या द्यायचा. मला ऐकू यायच्या नाहीत, म्हणून संसार टिकला." तिने त्याचा हात स्वतःच्या मनगटावर ठेवला. "आतून कितीही ओरडलास तरी बाहेर कळत नाही. दोनदा दाबलंस तर ठीक. तीनदा दाबलंस तर मी उघडते. एकट्याला निघता येत नाही."

"आणि तुम्ही कॉफी प्यायला गेलात तर?"

"मी जात नसते."

त्याने बूट काढून बाकाखाली सरकवले, आत शिरला. तिने चेन ओढली, वर पिसं बसवली.

पहिल्या बक्षिसाला घुबड मंचावर गेलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. पडद्याआडून आराक्सी बघत होती. वळताना घुबडाने उजवा गुडघा जरासा ओढला. तो दुखरा गुडघा हागोपचा होता. पोराने जुन्या चित्रफिती बघितल्या असतील, असं तिने मनाला समजावलं.

मंचामागच्या खोलीत येऊन घुबड स्टुलावर बसलं. दार लागलं. बाहेरच्या टाळ्या गोधडीतून याव्यात तशा येत होत्या. रबराचा वास होता, घामाचा होता, आणि त्यात बडीशेपेचा. हागोप दिवसभर बडीशेप चघळायचा.

उजव्या पंजाने तिचं मनगट धरलं. एकदा. दोनदा. तीनदा. सावकाश, अंगठा शेवटी सोडत.

दवाखान्यात तोंडात नळी असताना हागोपने असंच दाबलं होतं. तिथे उघडण्यासारखं काही नव्हतं.

"ट्रेंट...?"

घुबडाने मान हलवली. नाही.

तिने चेन उघडली. घुबड मिटल्यासारखं खाली बसलं. आत कोणी नव्हतं. फोम ओला होता, अंगासारखा गरम होता. तिने खांद्यापर्यंत हात घातला, बाह्या चाचपल्या, पाय चाचपले. कोणी नव्हतं. बाकाखाली ट्रेंटचे बूट तसेच होते.

काय करावं सुचेना, म्हणून तिने चेन परत लावली. पाठ हळूहळू भरली. आत श्वास सुरू झाला. पंजा पुन्हा मनगटावर आला. तीनदा.

तिने उघडलं. रिकामं. लावलं. तीनदा.

"कसं काढू रे तुला..." ती पिसांना तोंड लावून म्हणाली. "उघडलं की तू नसतोस. लावलं की गुदमरतोस."

दारावर टकटक झाली. मंचाचं काम बघणारा ब्रूनो होता.

"आराक्सी, पुढचं बक्षीस. ट्रेंट आहे ना आत?"

तिने चेनीवरची पिसं सारखी केली.

"काय हो, झोपला की काय तो?"

"आहे," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

तेवढ्यात डाव्या पंजाने तिचा दुसरा हात पकडला. ही पकड वेगळी होती, तरुण, घाबरी. घाईघाईने दाबत होती. तीन, तीन, मग मोजदादच राहिली नाही. तिची बोटं दुखायला लागली.

"ट्रेंट," ती कुजबुजली. "अरे बाळा..."

मग उजवा पंजा तिच्या मनगटावरून उठला. तो डाव्या पंजावर गेला, त्याला हलकेच थोपटू लागला, रडणाऱ्या मुलाला थोपटावं तसा. हळूहळू डावा पंजा सैल पडला. घुबड उठलं, उजवा गुडघा ओढत दाराकडे निघालं.