न बोलावता येणारी लिफ्ट

संध्याकाळच्या संगणकवर्गात बाईंनी कार्डं वाटली, तेव्हा त्याच्या वाट्याला लिफ्ट आली आणि तिच्या वाट्याला तिसऱ्या मजल्याचं बटण. एवढीच काय ती ओळख.

बाईंची शिकवण्याची तऱ्हाच तशी. सॉफ्टवेअर लिहायच्या आधी त्यातल्या वस्तू ओळखायच्या, प्रत्येकीचं काम ठरवायचं, कोण कोणाला निरोप धाडते ते मांडायचं — आणि तेही फळ्यावर नाही, पोरांनाच वस्तू बनवून. नियम एकच: निरोप आल्याशिवाय वस्तूने हलायचं नाही की बोलायचं नाही.

लिफ्टला हा नियम शिकवावा लागला नाही. गडी जन्माचा अबोल. विचारलं तर उत्तर, नाहीतर मिठाची गुळणी. न्हाव्याने एकदा अर्धंच डोकं भादरून दुकान बंद केलं, तर हा महिनाभर तसाच हिंडला; कोणी विचारलंच नाही ना! विश्वास बसत नसेल तर राहू द्या, त्याच्या आईचाही बसला नव्हता. वर्गात त्याला मौनीबाबा म्हणत.

आणि बटण? दातांच्या दवाखान्यात नंबर लावणारी पोरगी ती; ठणकती दाढ घेऊन आलेल्यांनाही हसवायची. ती 'ये' म्हणाली की हा खुर्च्यांमधून अलगद येऊन पुढ्यात उभा राहायचा. दोन्ही हातांचं दार उघडायचं... आणि जरा जास्तच वेळ उघडं राहायचं. पहिल्या मजल्याचं बटण झालेला गृहस्थ तर वाट पाहून उभ्या उभ्या घोरू लागला.

शेवटच्या दिवशी, वर्ग भरण्याआधी ती म्हणाली, "दादाने परगावी नोकरी बघितलीय माझ्यासाठी. उद्या कळवायचंय."

मग ती थांबली. मौनीबाबा स्वतःच्या चपलेकडे बघत राहिला. तिने विचारलं काहीच नव्हतं, तो उत्तर कशाचं देणार? ती उठली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

खेळ सुरू झाला. सगळी बटणं बोलली, तिसरं काही बोलेना. बाईंनी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, आज मी कोणाला बोलावणार नाही.

आणि लिफ्ट हलली. एकेक खुर्ची ओलांडत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"अरे, निरोप कुठे आला तुला?" बाई म्हणाल्या.

"नाही आला, बाई. पण या लिफ्टचं एक काम मांडायचं राहून गेलंय... न बोलावता येणं." मग तिच्याकडे वळून, अगदी हळू — "जाऊ नकोस असं नाही म्हणणार. जाशील तिथे मी येईन. मला तू आवडतेस."

बाईंनी चष्मा पुसला. असली लिफ्ट असेल तिथे मी जिन्यानेच जाईन, म्हणाल्या, आणि दोघांचेही मार्क कापले.

ती नोकरीवर रुजू झाली. पहिल्याच रविवारी तिच्या नव्या खोलीची कडी वाजली.

"मी बोलावलं नव्हतं," ती हसू दाबत म्हणाली.

"ठाऊक आहे." आणि मग त्या गड्याने आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला —

"आत येऊ?"

ती दारातून बाजूला सरली.