टाकीच्या वीतभर आधी

टाकीतून निघालेली गुठळी बोराएवढी होती.

डॉक्टरांनी ती चाळणीवर घेऊन पंप तपासायला आलेल्या परीक्षकांना दाखवली. "रक्त पातळ ठेवायचं औषध कमी पडलं. चूक टिपणबाईंची. माझा पंप निर्दोष आहे."

शिंकसुद्धा वेळेसकट वहीत टिपते, म्हणून प्रयोगशाळेत तिला टिपणबाई म्हणत. नवा हृदयपंप माणसात बसवण्याआधी नळ्या आणि टाकी यांच्या फेऱ्यातून रक्त फिरवून त्याची चाचणी घ्यायची, हे तिचं काम.

डॉक्टरांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "संध्याकाळपर्यंत राजीनामा. नाहीतर लेखी तक्रार करीन. मग कुठलीच प्रयोगशाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही."

घरी दीड वर्षाची मुलगी होती, आणि कमावणारी ती एकटीच.

काका पंपाच्या टोकांचे चिमटे काढत होते. तीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत काढलेले जुने तंत्रज्ञ. चिमटा काढला की नळीची चपटी झालेली जागा ते अंगठ्याने चोळून गोल करत.

"काका, नळी कचऱ्यात जाणार आहे," इंजिनिअर हसला. "तिचे पाय कसले चेपताय?"

"हाताची सवय रे."

टिपणबाईने सकाळी राखून ठेवलेलं रक्त तपासलं. औषध पुरेसं होतं. मग ती इंजिनिअरकडे वळली.

"पंपाचा वेग कोणी वाढवला होता का?"

"कोणी नाही. प्रवाह अडला की तो आपोआप वाढतो." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. अकरा पाच ते अकरा अठरा."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"शेजारच्या खोलीत. डॉक्टर परीक्षकांसाठी जिना वर-खाली करत होते. आणि तुम्ही?"

ती अंगणात होती. टेबलावर चिठ्ठी सापडली होती : पाळणाघर, मुलीला ताप. धावत बाहेर जाऊन तिने फोन केला, तर मुलगी ठोकळा चावत मजेत बसलेली. पाळणाघरातून कोणीच फोन केला नव्हता.

तिने कचऱ्यातून नळी काढली. चार वाजता सगळ्यांना बोलावलं.

"गुठळी टाकीत सापडली, म्हणून आपण टाकीतच शोधत बसलो," ती म्हणाली. "रक्तातल्या प्लेटलेट पेशी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अरुंद फटीतून जोरात ओढल्या गेल्या की डिवचल्या जातात. तिथे थांबायला उसंत नसते. पुढे संथ जागा मिळाली की एकमेकींना चिकटतात. म्हणजे फट टाकीच्या आधी हवी."

तिने नळी उचलली. "पीळ पडला तर कळावा म्हणून मी नळीवर शाईची रेघ ओढते. टाकीच्या वीतभर आधी ती पुसली गेली आहे. तिथे आज चिमट्याचं कामच नव्हतं. कोणीतरी तो अर्धवट आवळला, पाव तासाने काढला आणि नळी चोळली. हाताची सवय, काका."

काकांनी चष्मा पुसून डॉक्टरांकडे बोट केलं. "माझी बायको गेली तेव्हा तिला बसवलेल्या याच्या जुन्या पंपात गुठळी निघाली. याने लिहिलं, नवऱ्याने गोळ्या चुकवल्या. मी एक गोळी चुकवली नव्हती. मेहुणे आजही माझ्या घरात पाणी पीत नाहीत."

"माझ्या मुलीचं नाव कशाला वापरलंत?"

"तुला बाहेर काढायचं होतं. याचं चारचौघांत नाक कापायचं होतं. हा तेच वाक्य तुझ्या गळ्यात घालेल हे नाही सुचलं, पोरी."

"पोलिसांना बोलवा," डॉक्टर म्हणाले. "पंप निर्दोष ठरला."

"हा ठरेल. पण काकूंच्या वेळी चिमटा कोणी लावला होता?" ती इंजिनिअरकडे वळली. "जुन्या पंपात पातं आणि भिंत यांत फट किती होती?"

इंजिनिअरने मान खाली घातली. "नव्यात आहे त्याच्या निम्मी. डॉक्टरांनीच वाढवायला सांगितली. काकू गेल्या त्याच आठवड्यात."

परीक्षकांनी वह्या उघडल्या.

"तुमचा चिमटाही टिपलाय, काका. अकरा पाच."

"टीप," काका म्हणाले. डोळे डॉक्टरांवरच होते. "पण आधी त्याचं."

तिने सकाळचा तोच कोरा कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली.