हशाची जागा

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'नीलम व्हिडिओ शूटिंग' लिहिलेलं आहे, पण शूटिंगला आता मला कोणी बोलावत नाही. नवी पोरं ड्रोन उडवतात. माझ्याकडे लोक येतात ते जुन्या कॅसेट घेऊन. लग्नाच्या, बारशाच्या, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या. कॅसेट द्यायची, पेनड्राइव्ह घेऊन जायचं. त्या कॅसेटमधली निम्मी माणसं तोवर गेलेली असतात. गिऱ्हाईक दुकानातच रडतं. मी स्टूल पुढे करतो आणि कुलर वाढवतो.

ह्या धंद्यापायी मला भंगारात हिंडायची सवय लागली. व्हीसीआरचे सुटे भाग आता मिळत नाहीत. बंद पडलेली मशीन आणून तिची चिरफाड करावी लागते. मशीनसोबत कॅसेटी येतात, आणि कॅसेटींवर जुन्या विनोदी मालिका. कोणीतरी घरी बसून टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या, साबणाच्या जाहिरातींसकट. आज त्यांची नावं त्यात काम करणाऱ्यांनाही सांगता येणार नाहीत. त्या मी फेकत नाही. बायको विचारायची, काहून सांभाळून राहिले हा कचरा? मी म्हणायचो, पुरावा आहे.

कशाचा पुरावा, तेही सांगतो. मी अमरावतीत वाढलो. माझी आई, मैनाबाई, अंबापेठेत भांडी घासायची. त्यातल्या एका घरी टीव्ही होता. आई मोरीत आणि मी दाराजवळ फरशीवर. त्या घरची मंडळी दिवाणावर. मालिकेत एक सुखी कुटुंब असायचं आणि त्या कुटुंबाचा एक गडी. गडी हमखास आमच्याकडचा, बावळट, तोंड उघडलं की वऱ्हाडी. तो बोलला की दिवाण हसायचा. हसून झालं की सगळी तोंडं दाराकडे वळायची. मी हसतो का ते बघायला. मी हसलो की तोंडं परत टीव्हीकडे जायची. नाही हसलो तर जायची नाहीत.

मिसरूड फुटायच्या आत मी ठरवलं की असल्या विनोदावर या जन्मी हसायचं नाही. ते मी पाळलं.

ज्योत्स्नाचं तसं नव्हतं. माझी बायको आरोग्यसेविका आहे. लस टोचताना पोरगं भोकाड पसरायच्या आत ही काहीतरी बोलून हसायची आणि पोरगं गोंधळून रडायचं विसरायचं. तिचं हसू आधी नाकात घुसमटायचं, मग फुटायचं, आणि दम संपला की 'माय वं' म्हणत ती मांडीवर थाप मारायची. दुकान खाली, घर वर. खाली बसलेली गिऱ्हाइकं कारण माहीत नसताना वर बघून हसायची. आमचं लग्न टिकलं ते त्या हसण्यावर. माझ्या स्वभावावर टिकलं असतं असं मला वाटत नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी मी अमरावतीला गेलो. वलगाव रोडला खुशालरावचं भंगाराचं आवार आहे. अंबापेठेतलं एक घर बिल्डरनं पाडायला घेतलं होतं, त्यातलं सामान नुकतंच आलेलं. वरूडच्या संत्र्यांच्या लाकडी पेट्यांत कॅसेटी भरलेल्या होत्या. घर नेमकं कोणतं, ते मी विचारलं नाही.

"घेऊन जाय, संघपालभाऊ," खुशालराव म्हणाला. "मी पोटासाठी कबाडी झालो. तू त शौकानं होऊन राहिला."

बहुतेक कॅसेटींना बुरशी लागली होती. एक मात्र स्वच्छ होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलेलं: चारुशीला सदन. खाली बारीक अक्षरात: हशा टाकणे बाकी.

ह्या नावाची मालिका मी कधी ऐकली नव्हती. इंटरनेटवरही सापडली नाही.

मे महिन्यात दुपारी अकोल्यात कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी जेवायला वर जातो. त्या दिवशी व्हीसीआर वर नेला. ज्योत्स्नाची सुटी होती. ती फरशीवर सतरंजी टाकून लसूण सोलत बसली होती. मी खुर्चीवर. मी कॅसेट लावली.

एक बैठकीची खोली. दिवाण, त्याच्यावर हिरवी चादर. गोपाळकृष्ण नावाचे गृहस्थ, चारुशीला ही त्यांची बायको, आणि मोतीराम नावाचा गडी. नटांपैकी एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मोतीराम दाराजवळ फरशीवर बसला होता. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

विनोद झाला की तिघंही गप्प व्हायचे. हशा मागून भरतात, त्यासाठी जागा सोडतात, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. पण ही जागा फार लांब होती. तिघं हलायचे नाहीत. एकमेकांकडे बघायचे नाहीत. कॅमेऱ्याकडेही नाही. कॅमेऱ्याच्या जरा खाली बघायचे. तिथे फरशीवर कोणी बसलेलं असावं तसे.

गोपाळकृष्णांनी विचारलं, पाहुण्यांना पाणी दिलंस का? मोतीराम म्हणाला, "पेले देल्ले नं मालक. पानी परवा येते नळाले."

तिघं थांबले.

ज्योत्स्नाच्या नाकात घुसमटलं आणि ती फुटली. मांडीवर थाप, लसणाची सालं पंख्यानं खोलीभर. "माय वं. हे त अकोल्याचंच झालं." तिचं हसू संपलं आणि त्याच क्षणी पडद्यावर चारुशीलानं मान वळवली आणि गोष्ट पुढे सरकली. मला ते आवडलं नाही.

मी म्हणालो, आपल्या माणसाला बावळट करून विकलं त्यांनी, आणि तू हसतेस. ती म्हणाली, बोली खरी हाये त्याची, आपलाच मानूस हाये. मी पुष्कळ बोललो. आवाज चढवला. ती लसूण सोलत राहिली आणि मग मान वर न करता म्हणाली,

"तुमाले हसू येत नाही, का तुमी येऊ देत नाही?"

मी कॅसेट बंद केली.

दोन-चार दिवसांनी खाली दुकानात तीच कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. पुरावा नीट ठेवायचा असतो. हेडफोन लावून काम करत होतो. मोतीराम म्हणाला, पानी परवा येते. तिघं थांबले. आणि जागेत हशा आला.

आधी नाकात घुसमटलेला. मग फुटलेला. मग मांडीवर थाप. माय वं.

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. मी मशीन उघडून पाहिली. व्हीसीआरला माईक नसतो. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली की तिच्यावर नवं काही उतरत नाही, आणि ह्या कॅसेटची टिकली मोडलेली होती. मी केबल बदलली. दुसरा व्हीसीआर लावला. हशा होता तिथेच होता.

ज्योत्स्नाला खाली बोलावून हेडफोन दिला. तिनं तो हशा शेवटपर्यंत ऐकला.

"हे त मीच हावो," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती हसेल. असल्या गोष्टीवर ती हमखास हसली असती. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि जिना चढून गेली.

त्यानंतर ती हसली नाही. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं भांडणाचा राग आहे. मग आमची पोरगी नीलम, पुण्यात नोकरीला असते, तिनं फोनवर ऑफिसातली कसलीशी फजिती सांगितली. मलाही हसू आवरेना अशी. ज्योत्स्ना म्हणाली, हो का. नंतर नीलमनं मला वेगळा फोन केला आणि विचारलं, बाबा, आईशी भांडलात का? लसीकरणाला पोरं रडायला लागली, आया तक्रार करू लागल्या. मी तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं बरोबर होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे.

मग थांबणं सुरू झालं.

"भात लावते," असं म्हणून ती जागच्या जागी थांबली. मला वाटलं काही आठवते आहे. मग गेली. दुसऱ्या दिवशी "नळ आला" म्हणाली आणि थांबली. जरा जास्त वेळ. कळशी भरून वाहत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या जरा खाली बघत होती.

मी एसटीनं मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेलो. खुशालराव उसाच्या रसाचा पेला धरून सावलीला बसला होता. मी विचारलं, त्या घरात कोण राहायचं? तो म्हणाला, एक म्हातारी. सामान उचललं त्याच दिवशी तिचा पोरगा तिला बंगलोरला घेऊन गेला.

"म्हातारीचं डोकं फिरलेलं होतं भाऊ," खुशालराव म्हणाला. "एक गोष्ट बोले अन् थांबे. दाराजवळ खाली पाहून राहे. कपाट जपून न्या म्हने, अन् थांबे. मले वाटलं चहा पाहिजे का काय."

"मग?"

"मग काय. पोरगा हसे. ते काही बी बोलली का तो हसे. हसला का म्हातारी चाले. गाडीत बसस्तोवर हसून राहिला तो. डोये लाल झालते बापड्याचे."

त्यानं रस संपवला. माझ्याकडे बघून विचारलं, काहून रे, भुतं निघाले का कॅसेटीतून? मी परतीची एसटी गाठायला उठलो. एरवी एक शिवी हासडली असती.

दुपारी अकोल्यात पोचलो. शटर अर्धं ओढलं आणि कॅसेट लावली.

आता सगळ्या जागा भरल्या होत्या. ज्योत्स्ना त्या दुपारी एकदाच हसली होती. कॅसेटवर ती प्रत्येक विनोदाला हसत होती. न पाहिलेल्या भागालासुद्धा. प्रत्येक वेळी दम लागेपर्यंत.

शेवटची एक जागा रिकामी होती. मोतीराम काही बोलला नव्हता, तरी तिघं थांबले होते. मोतीराम दाराजवळ नव्हता. तो दिवाणावर बसला होता, त्या दोघांच्या मधे. तिघं कॅमेऱ्याच्या जरा खाली बघत होते.

टेप फिरत होती. चित्र पुढे जात नव्हतं.

मी कॅसेट बाहेर काढली. पेचकस हातात घेतला. फीत ओढून जाळायला काडी लागते फक्त. पण त्या फितीत माझ्या बायकोचं हसू होतं. दुसरीकडे ते कुठेच उरलं नव्हतं.

पेचकस ठेवला.

वर काहीतरी जळल्याचा वास आला. मी जिना चढलो.

ज्योत्स्ना ओट्याशी उभी होती. हातात फडकं. दूध उतू जाऊन शेगडीवरून खाली फरशीवर ओघळत होतं. मी गॅस बंद केला.

"दूध तापून राहिलं," ती म्हणाली.

आणि थांबली.

मी तिला हाक मारली. खांदा धरून हलवला. खांदा ऊबदार होता. पापणी लवत नव्हती. ती दाराजवळच्या फरशीकडे बघत होती.

कुलर बंद होता. वीज गेली असावी. बाहेर ऊन उभं होतं.

तिच्या ओठांना कोरड पडली तरी तिनं जीभ फिरवली नाही.

मग मी दाराजवळ गेलो. खाली बसलो. फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिची नजर नेमकी माझ्या डोळ्यांवर आली.

मी हसलो.

ज्योत्स्ना हलली. फडकं घेऊन वाकली आणि दूध पुसू लागली.

माझं हसू संपलं. माझ्या पाठीमागचं संपायला थोडा वेळ लागला. भिंतीला लावलेल्या दिवाणावर दाटीवाटीनं बसून माणसं हसतात, तसं ते होतं. आमच्या घरात दिवाण नाही. त्यातल्या शेवटच्या बाईला दम लागला, आणि ती म्हणाली, माय वं.

ज्योत्स्ना खाली मान घालून फरशी पुसत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.