नाव चिकटेना

श्रुतिका, प्रितम, तुम्ही दोघं नाहूरला स्टिकरचं दुकान टाकताय म्हणून सांगतो. मशीन कुठली घ्यायची ते तुम्हाला कोणीही सांगेल. हे नाही सांगणार.

जोगेश्वरीचा विद्याधर परब माझा तीस वर्षांचा दोस्त. गाड्यांवर, काचांवर व्हिनाइलची नावं लावायची हा त्याचा धंदा. माणूस कडक. गिऱ्हाइकाने फोनवर दिलेल्या मापावर एक अक्षर कापणार नाही, स्वतः जाऊन मोजणार. मजकुरावर आधी सही घेणार, म्हणजे वेलांटीवरून नंतर भांडण नको. आणि जुन्या स्टिकरवर नवा कधी चिकटवणार नाही. जुना गरम करून सावकाश ओढायचा, स्पिरिटने पुसायचं, खडखडीत सुकू द्यायचं, मग हात लावायचा. "घाई केली की फुगा आलाच," म्हणायचा.

साल चोवीस. तीस नोव्हेंबर, शनिवार, अवस. दुपारी वेसाव्याचा अल्पेश त्याच्या दुकानात आला. त्याने फायबरची जुनी होडी विकत घेतली होती. तिच्यावर नाव होतं 'कृष्णाबाई'. त्याला हवं होतं 'जान्हवी', त्याच्या मुलीचं.

"आजच पाहिजे, विद्याभाऊ. रात्री बाराच्या भरतीला निघतोय. बर्फ भरलाय, माणसं सांगून ठेवलीत."

"एक फेरी जुन्या नावाने मार ना रे. पुढच्या आठवड्यात निवांत लावू."

"त्या नावाने नाय जायचं मला."

का, ते अल्पेशने सांगितलं नाही. विद्याधरने विचारलं नाही.

विद्याधरने जाऊन माप घेतलं, सही घेतली, निळ्या रोलमधून 'जान्हवी' कापलं आणि संध्याकाळी सातला तो पुन्हा धक्क्यावर पोचला. ओहोटी होती, होडी चिखलात कलून बसलेली. अल्पेशने वरून वायर ओढून दिली, दिवा टांगला आणि जेवायला घरी गेला. विद्याधर फळीवर उभा राहून कामाला लागला. जुनी अक्षरं अलगद निघाली. त्याने पुसलं, सुकवलं, कोरड्या फडक्याने दोनदा तपासलं. मग 'जा' लावला आणि त्यावरून रबराची पट्टी ओढली.

खर्र...

होडीच्या आतूनही आवाज आला. खर्र...

फायबर आहे, घुमत असेल, असं म्हणून त्याने पुन्हा पट्टी ओढली. आतूनही पुन्हा. तो थांबला.

आतलं थांबलं नाही.

"अल्पेश? आत काय करतोयस रे?"

"विद्याभाऊ, चहा आणलाय!"

हाक मागून आली. वरून, धक्क्यावरून.

विद्याधरने मागे बघितलं नाही. त्याची नजर अक्षरावर होती. 'जा'खाली फुगा आला होता. त्याने टाचणी टोचली. अशा फुग्यातून हवा निघते, बरं का. यातून पाणी निघालं. कोमट. त्याने बोट जिभेला लावलं... खारट.

शेजारी दुसरा फुगा आला. मग तिसरा. चौथा. चारही एका रांगेत, बोटांसारखे. आणि ते सरकायला लागले. हळूहळू... अक्षराच्या कडेकडे. कड उचलली गेली. अख्खा 'जा' सुटला आणि चिखलात पडला.

अल्पेशने ते बघितलं. चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच.

"अल्पेश... होडी कोणाची ही?"

अल्पेशने ग्लास खाली ठेवला.

"कोणाची रे?"

"ज्याच्याकडून घेतली त्या भिकाजीच्या आईची, कृष्णाबाईची. म्हातारी हॉस्पिटलात होती तेव्हा भिकाजीने तिला न विचारता विकली. मला ठाऊक होतं. स्वस्तात मिळत होती, म्हणून... शेवटपर्यंत विचारत होती म्हणे. होडी किनाऱ्याला लागली का."

"म्हणजे ती..."

"आज दहावा."

पाणी चिखलावर चढत होतं. खाली कुठेतरी बुड्... बुड्... विद्याधरने हत्यारं पिशवीत भरली.

"मी लावत नाही. आणि तू पण आज जाऊ नकोस."

अल्पेशने फोन काढला आणि माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. मग खाली उतरून होडीवर पालथा हात ठेवून एवढंच म्हणाला, "नाव तुझंच राहूदे, आई."

रविवारी सकाळी नऊला विद्याधरने 'कृष्णाबाई' पुन्हा कापायला दुकान उघडलं. शटरला दोन कुलुपं, दोन्ही जागेवर. आत टेबलावर तोच निळा रोल. त्याच्याभोवती ओला नायलॉनचा दोरा गुंडाळून गाठ मारलेली. असा दोरा त्याच्या दुकानात कधी नव्हता.

त्याने अल्पेशला बोलावलं. अल्पेशने गाठीला बोटही लावलं नाही.

"जाळं विणायची गाठ आहे," तो म्हणाला. "पण उलटी. डाव्या हाताने मारलेली."

"भिकाजीची आई डावखुरी होती?"

अल्पेश दोन पावलं मागे सरकला.

विद्याधरने दुसऱ्या रोलमधून नाव कापलं आणि जाऊन लावलं. एक फुगा आला नाही. अल्पेश त्याच नावाने समुद्रावर जातो, येतो.

निळा रोल मात्र दुकानात तसाच आहे. गाठ कापायला कोणी धजत नाही. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. म्हटलं, हात लावून बघू.

दोरा अजून ओला आहे.